ई-पीक पाहणीतील फेर व तो खातेदारास दाखविण्याची रीत

अवजार बदलले म्हणजे हातही बदलावा लागतो, हे कोणाही जाणत्या शेतकऱ्यास सांगावयास नको. समजा, रात्रीतून कोणी आपल्या तिफणीच्या फणांमधील अंतर कमी केले आणि सकाळी काही न सांगता ती जुंपावयास दिली. तर पेरणारा नित्याच्या सवयीने पेरीत जाईल, आणि चूक त्यास पीक वर आल्यावर, म्हणजे उपाय सरल्यावर दिसेल. हल्ली ज्या मोबाईलवर आपण शेताची पीक पाहणी नोंदवितो, त्यातील ॲपचे असेच होते. ते रात्री निजताना एक असते व सकाळी उठल्यावर दुसरे झालेले असते. वरचे चित्र तेच, नाव बहुधा तेच. परंतु आतील कलमे फिरलेली असतात. हा फेर कसा ओळखावा व दुसऱ्यास कसा दाखवावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

पीक पाहणी ही काही नवी गोष्ट नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि पुढे १९७१ च्या नियमांनी गाव दप्तराची रीत ठरली. गाव नमुना सात हे अधिकाराचे पत्रक व गाव नमुना बारा हे पिकांचे. दोन्ही मिळून आपला सातबारा. नमुना बारा भरण्याचे काम तलाठ्याचे असे. आपल्या वऱ्हाडात जुनी माणसे अजूनही त्यास पटवारीच म्हणतात, आणि शासनाने २०२४ पासून त्या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे. हंगामात त्याने शिवारात फिरावे, बांधावर उभे राहून पीक पाहावे व नमुन्यात लिहावे, असा नियम होता. शेतकऱ्यास त्यात लेखणी धरावी लागत नसे. फार तर चावडीवर जाऊन चूक निदर्शनास आणावी लागे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या ॲपने लेखणी प्रथमच खातेदाराच्या हाती दिली. आपण आपला खाते क्रमांक निवडावा, चार अंकी संकेतांक घ्यावा, गट, हंगाम, पीक, क्षेत्र व जलसिंचनाचे साधन भरावे, पिकाचे छायाचित्र काढावे आणि माहिती पाठवावी, अशी रीत पडली. परंतु पहिल्या वर्षी एक जुना आधार शिल्लक होता. आपण पाठविलेली माहिती तलाठ्यापुढे जाई व त्याची मान्यता झाल्यावर ती नमुना बारावर चढे. शेतकऱ्याच्या मनात साहजिकच असे बसले की, आपण कच्चे लिहावयाचे आणि पक्के करणारा दुसरा आहे.

पहिला मोठा फेर : ऑगस्ट २०२२

१ ऑगस्ट २०२२ रोजी ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातील मुख्य फेर येणेप्रमाणे :

१. खातेदाराने भरलेली पीक पाहणी स्वयंप्रमाणित मानण्यात येऊ लागली. तलाठ्याने सर्व नोंदी तपासण्याऐवजी निदान १० टक्के नोंदी पडताळून पाहाव्यात, असे ठरले.

२. भरलेल्या माहितीत चूक आढळल्यास ४८ तासांच्या आत खातेदारास एकदा ती स्वतः दुरुस्त करता येऊ लागली.

३. मिश्रपिकात मुख्य पिकाबरोबर पूर्वी दोन दुय्यम पिके लिहिता येत. ती तीन झाली, व त्यांचे क्षेत्र आणि पेरणीचा दिनांक नोंदविण्याची सोय झाली.

४. प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घातले गेले. छायाचित्र काढणारा त्या मध्यापासून किती दूर उभा आहे हे दिसू लागले, व तो गटाबाहेर असल्यास ताकीद मिळू लागली.

५. हमीभावाच्या खरेदीसाठी संमती तेथेच नोंदविता येऊ लागली. तसेच गावातील कोणत्या खातेदारांची पाहणी झाली, त्यांची यादी सर्वांस पाहता येऊ लागली.

वाचकांनी या पाच कलमांपैकी पहिली दोन पुन्हा वाचावीत. पडद्यावर पाहू गेल्यास त्यांचा फारसा गाजावाजा नाही. अंतराचा आकडा डोळ्यांस दिसतो, तिसऱ्या दुय्यम पिकाचा रकाना दिसतो. परंतु ‘आता तुझे लिहिलेले हेच पक्के’ ही गोष्ट कोणत्याही रकान्यात दिसत नाही. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि हाच फेर डोळ्यांस सर्वांत कमी दिसणारा होता.

घरातील एक उदाहरण

यास दाखला दूरचा नको. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, त्यांचा एक गट १ हेक्टर २० आरचा, म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे तीन एकरांचा आहे. २०२२-२३ च्या रब्बीत त्यांनी निम्म्यात गहू व निम्म्यात हरभरा पेरला. नोंद करावयास नातू बांधावर गेला. ऊन चढले होते, म्हणून दादा त्यास म्हणाले, “सगळा गहूच टाक बाळा, हरभरा मागाहून पटवाऱ्याकडून लावून घेऊ.” मागील वर्षाच्या रीतीप्रमाणे हे बोलणे अगदीच वावगे नव्हते. परंतु रीत बदलली होती. दोन दिवस गेले, स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्याची मुदत गेली, आणि सातबाऱ्यावर संपूर्ण गट गव्हाखाली लागला.

पुढे हरभरा घरी आला. त्या हंगामासाठी केंद्र शासनाने हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलमागे ५,३३५ रुपये ठरविला होता व बाजारात भाव त्याहून खाली चालला होता. खरेदी केंद्रावर नाव नोंदवावयाचे तर सातबाऱ्यावर हरभऱ्याची नोंद हवी, ती नव्हती. दादांनी माल व्यापाऱ्यास घातला. घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत, एवढेच विचारले, “तू तर कचेरीतच होतास ना रे?”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या पत्रकात हा फेर लिहिला होता, त्याची प्रत मी स्वतःच्या हाताने आवक नोंदवहीत चढविली होती. क्रमांक घातला, दिनांक घातला, पुढच्या टेबलावर दिली. घरी मात्र एका शब्दाने सांगितले नाही. फेर जाहीर झालेला होता. आमच्या घरात तो पोहोचला नव्हता, आणि पोहोचविण्याचे काम माझे होते. नोकरीतून मोकळा झाल्यावर हा पाठ लिहावयास बसलो, त्याचे मूळ त्या प्रश्नात आहे.

दुसरा मोठा फेर : रब्बी २०२४

२०२४ च्या रब्बी हंगामापासून केंद्र शासनाच्या डिजिटल क्रॉप सर्व्हे या योजनेस जोडून राज्यभर ‘ई-पीक पाहणी (डीसीएस)’ हे ॲप लागू झाले. यात छायाचित्र त्या गटाच्या ५० मीटरच्या आत राहून काढणे आवश्यक झाले. तसेच जे खातेदार स्वतः नोंद करीत नाहीत, त्यांच्या गटांची पाहणी करण्यासाठी गावोगाव सहायक नेमण्याची तजवीज झाली.

आता २०२२ चे चौथे कलम व हे कलम शेजारी ठेवून पाहावे. तेव्हा अंतर मध्यबिंदूपासून मोजून दाखविले जाई व गटाबाहेर गेल्यास ताकीद मिळे. आता ५० मीटरची अट आहे. ताकीद वाचून पुढे जाता येते, अट मोडून पुढे जाता येत नाही. ज्यास एवढा भेद कोणी सांगितला नाही, तो गावातील ओट्यावर बसून छायाचित्र काढू पाहील व ॲप बिघडले म्हणून बोल लावील.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. जागा ओळखण्याचे काम मोबाईल उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून करतो. त्यास रेंज लागत नाही, उघडे आकाश लागते. सबब दाट झाडाखाली किंवा छपरात उभे राहू नये. मोकळ्या जागी येऊन थोडा वेळ थांबावे, म्हणजे जागा अधिक नेमकी लागते. रेंज लागते ती माहिती पाठविण्यास. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत, किंवा घाटाच्या कपारीतील शिवारात रेंज नसली तरी भरलेली माहिती मोबाईलमध्ये साठून राहते व रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. परंतु ॲपचे अपडेट मात्र रेंजवाचून होत नाही. यास्तव अपडेट गावात करावे व मग शेतास जावे. हा क्रम उलटा झाल्यास फेरी फुकट जाते.

नवे शेजारी जुने

फेर दाखविण्याची उत्तम रीत कोणती, याचा एक नमुना आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले. कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांस लिहिता-वाचता येत नव्हते, आणि प्रत्येकाच्या खिशातील नाणे बदलले होते. तेव्हा तीन गोष्टी केल्या गेल्या. पहिली, नव्या नाण्यास ‘नया पैसा’ असे नाव दिले; हा ‘नया’ शब्द १९६४ पर्यंत, म्हणजे सात वर्षे नाण्यावर ठेवला. दुसरी, तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हे नाण्यावरच छापले. तिसरी, जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालू ठेवली. चार आणे म्हणजे २५ नवे पैसे, आठ आणे म्हणजे ५०, हे लोक शिकले ते जुने व नवे एकाच हातात पाहून.

एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले तेव्हाही हेच झाले. ४० गुंठ्यांचा एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, हे कोष्टक ज्याच्या ध्यानी राहिले त्याचा हिशेब चुकला नाही. आजही ॲपमध्ये क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरावयाचे असते, आणि पेरणीचा हिशेब घरी एकरांत चालतो. दीड एकर सोयाबीन नोंदविताना १.५० असे न लिहिता ०.६० लिहावे, हे त्या कोष्टकामुळेच कळते.

यावरून जो नियम निघतो तो असा : नुसते नवे सांगून फेर कळत नाही, जुन्याच्या शेजारी नवे मांडले म्हणजे कळतो. ‘अंतराची सोय सुधारली’ या वाक्याने शेतकऱ्यास काही बोध होत नाही. ‘पूर्वी गटाबाहेरून छायाचित्र काढल्यास ताकीद मिळे, आता गटाच्या ५० मीटरच्या आत यावे लागेल’ असे म्हटले की, उठून कोठे जावयाचे हे कळते.

फेर वाचण्याची रीत

मोबाईलमधील प्ले स्टोअर उघडून त्या ॲपच्या पानावर गेल्यास ‘नवीन काय आहे’ असा मथळा असतो. त्याखाली करणाऱ्याने ताज्या अपडेटचे वर्तमान लिहावयाचे असते, आणि त्यास प्रत्येक भाषेसाठी ५०० अक्षरांची मर्यादा आहे. एवढ्या जागेत मोठा फेर नीट सांगणे कठीण; पुष्कळ ॲपांच्या पानांवर तर ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढेच आढळते. सबब ते वाचावेच, परंतु त्यावर विसंबू नये. शासनाचे पत्रक, ग्राम महसूल अधिकाऱ्याचे सांगणे व प्रत्यक्ष पडदा या तिन्ही ठिकाणी पुढील पाच प्रश्न विचारावेत :

पहिला, काल होते त्यातील काय गेले?
दुसरा, काय नवीन आले?
तिसरा, काय होते तसेच राहिले?
चौथा, माझ्या हातून कोणती कृती आता वेगळी व्हावयास हवी?
पाचवा, चूक झाल्यास ती किती वेळात, कशी व कोणाकडे दुरुस्त होईल?

यांतील तिसरा प्रश्न अनेकांस निरुपयोगी वाटेल. तसा तो नाही. फेराची वार्ता ऐकून माणूस घाबरतो व सर्वच बदलले असे समजून मोबाईल दुसऱ्याच्या हाती देतो. गट तोच, खाते तेच, हंगाम व पीक निवडावयाचे तसेच, असे प्रथम सांगितले म्हणजे नवे एक-दोन कलमांपुरतेच आहे हे त्यास कळते व धीर येतो. आणि पाचवा प्रश्न दादांनी व मी विचारला असता, तर तो हरभरा हमीभावाने गेला असता.

आणखी एक सावधगिरी. अपडेट केवळ प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. ‘नवीन ॲप येथून घ्या’ म्हणून संदेशातून आलेली फाईल, ती ओळखीच्या मनुष्याने पाठविलेली असली तरीही, उघडू नये. शासकीय योजनांच्या नावाने अशा फाईली पसरवून बँकेतील पैसे काढून नेल्याचे प्रकार घडलेले आहेत. तसेच अपडेटनंतर ॲप जागा व कॅमेरा वापरण्याची परवानगी पुन्हा मागू शकते. या कामास त्या दोन्ही लागतात, म्हणून त्या द्याव्यात. ज्या परवानगीचा पीक पाहणीशी संबंध कळत नाही, तिच्याविषयी आधी विचारावे.

गावात दाखविण्याची रीत

आपल्या संघाच्या सभासदांस माझी सूचना अशी की, प्रत्येक हंगामाच्या आरंभी, नोंदीची मुदत सुरू होताच, गावोगाव एक सकाळ या कामास द्यावी. घाटावर सोयाबीन-तुरीचा गट निवडावा, घाटाखाली कपाशीचा निवडावा. परंतु तो खरा गट असावा व त्याचा खातेदार तेथे उभा असावा. चावडीच्या फळ्यावर आधी दोन रकाने काढावेत, डाव्या बाजूस ‘गेल्या हंगामी’ व उजव्या बाजूस ‘या हंगामी’. बदललेली कलमे तेवढीच समोरासमोर लिहावीत; पाचापेक्षा अधिक लिहू नयेत. मग सर्वांनी त्या गटावर जावे व खातेदाराने स्वतःच्या बोटाने नोंद करावी. शिकविणाऱ्याने मोबाईल आपल्या हाती घेऊ नये. दुसऱ्याने करून दिलेली नोंद शिकवीत काही नाही. पुढच्या हंगामी तो मनुष्य पुन्हा दुसऱ्याकडेच जातो.

शेवटी एक चूक मुद्दाम करून दाखवावी. आंतरपीक गाळून ‘निर्भेळ पीक’ निवडावे व ती नोंद पाठविण्यापूर्वी थांबून सर्वांस विचारावे की, ही गेली तर काय होईल. ज्याने चूक होताना पाहिली, तो ती सहसा करीत नाही. चूक दाखवून झाल्यावर नोंद नीट करून मगच पाठवावी, हे सांगणे नलगे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांस राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपयांप्रमाणे २ हेक्टरच्या मर्यादेत अर्थसाहाय्य दिले, तेव्हा प्रथम ई-पीक पाहणीत ज्यांच्या पिकाची नोंद होती त्यांचीच नावे यादीत आली. पुढे ती अट शिथिल करून सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांचाही विचार झाला हे खरे. पण प्रत्येक वेळी अट शिथिल होईलच असे धरून चालणे हे मृगात पाऊस पडेलच असे धरून धूळपेरणी करण्यासारखे आहे. दोन हेक्टरवाल्यास दहा हजार रुपयांचा प्रश्न त्या एका नोंदीत होता. नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाची खरेदी, पीक कर्ज या सर्वांचे पाऊल आज नमुना बाराच्या त्या एका ओळीवर पडते.

लेखणी आपल्या हाती आली ही गोष्ट मी चांगलीच मानतो. बांधावर न जाता भरलेले पीकपेरे मी कचेरीत पुष्कळ पाहिले आहेत, आणि ज्याने पेरले त्यानेच लिहावे यासारखी सरळ रीत दुसरी नाही. परंतु लेखणी ज्याच्या हाती, वाचण्याचे कामही त्याच्याच शिरी. दादा आता दर हंगामी नातवास शेतावर नेण्यापूर्वी घरीच बसवितात व विचारतात, “यंदा काय बदललं ते आधी वाच.” त्याने वाचून दाखविल्याखेरीज ते उठत नाहीत.

अभ्यासाचे प्रश्न

१. २०२१ व २०२२ या दोन वर्षांच्या रीतींत नोंद पक्की कोणी करावयाची, याविषयी कोणता भेद पडला?
२. रेंज नसलेल्या शेतात नोंद भरता येते. मग गावातून निघण्यापूर्वी कोणते काम उरकले पाहिजे, व का?
३. एका गटात अडीच एकर सोयाबीन आहे. ॲपमध्ये क्षेत्र किती लिहाल?
४. आपल्या घरी नोंद कोण करतो? वरील पाच प्रश्न त्यास आज विचारून, उत्तरे दोन रकान्यांत मांडा.